सुगंधोपचार व इतर पूरक उपचारपद्धती (संयुक्त अरब अमिरात)

वनस्पतींची बाष्पनशील तेले हुंगवून किंवा तीळ-बदामाच्या तेलात मिसळून अंगाला चोळून आराम देण्याची पद्धत म्हणजे सुगंधोपचार, अर्थात अरोमाथेरपी. हे नाव फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरीस गातफोसे याच्या १९३७ च्या ग्रंथामुळे रुळले.

अमिरातीत सुगंध दवाखान्याच्या कितीतरी आधी दिवाणखान्यात आला. पाहुणा निघण्याच्या सुमारास मबखरा, म्हणजे धुपाटणे, फिरवतात आणि बुखूरच्या धुरावर कपडे धरतात. बुखूर म्हणजे सुगंधी तेलात मुरवलेले लाकडाचे तुकडे. लोबान शेजारच्या ओमानमधील धोफारचा. ऊद मात्र अ‍ॅक्विलारिया वृक्षाला बुरशी लागल्यावर त्याच्या गाभ्यात साचणाऱ्या राळेमुळे बनतो आणि त्याचा एक जुना पुरवठादार आसाम. दुबईतले नामांकित अजमल घराणे मूळचे आसामचे. त्यांचा व्यापार १९५० च्या दशकात मुंबईत उभा राहिला आणि १९७० च्या दशकात दुबईला पोचला.

दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटी, अबू धाबीत तेथील आरोग्य विभाग आणि उत्तरेकडील अमिरातींत केंद्रीय मंत्रालय पूरक उपचारांचे परवाने देते. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, चिनी वैद्यक, कायरोप्रॅक्टिक, हिजामा अशा पद्धती त्यांत येतात. सुगंधोपचार बहुधा स्पामध्ये मसाजच्या जोडीने भेटतो. हिजामात त्वचेला बारीक छेद देऊन पेल्याने रक्त ओढतात. जंतुसंसर्गाची भीती असल्याने तिथे परवान्याची कडक अट रास्तच आहे.

पुराव्याच्या बाबतीत सुगंधाची पंचाईत वेगळीच. होमिओपॅथीची खरी आणि कोरी गोळी दिसायला-चवीला सारखी करता येते, त्यामुळे तिची कसोटी सोपी. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत ती कोऱ्या गोळीच्या फारशी पुढे जात नाही. अ‍ॅक्युपंक्चरसाठी खोट्या सुया आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटावरील बिंदूचा उपयोग बऱ्यापैकी दिसला आहे. लॅव्हेंडरचा वास मात्र रुग्णापासून लपवायचा कसा? म्हणून चिंता थोडी कमी होते, झोप बरी लागते, यापलीकडचे दावे सैल राहतात. आयुर्वेदातील अभ्यंग वरवर याच जातीचे वाटते, पण तिथे तेल प्रकृती पाहून निवडतात आणि वासाला दुय्यम स्थान असते.

धोक्याचा हिशेबही वेगळा आहे. तेल उडून जाते, बुखूर जळतो. अमिरातीत वापरल्या जाणाऱ्या धुपाच्या धुरावरील २०१३ च्या एका अभ्यासात सूक्ष्मकण, कार्बन मोनॉक्साइड व फॉर्माल्डिहाइड आढळले आणि फुप्फुसाच्या पेशींत दाहाची चिन्हे दिसली. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी देणाऱ्या मराठी घरांनाही हा मुद्दा लागू आहे. बंद, वातानुकूलित फ्लॅटमध्ये तर अधिकच. कापूर किंवा निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून या बाटल्या औषधांसारख्याच कुलुपात ठेवाव्या लागतात.