लेखणी एकाची, निशाणी दुसऱ्याची



वसंत व्याख्यानमालेत आमच्यासारख्या माणसाने इतिहासावर बोलावे, हे काही जणांस चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या पुस्तकांत झाले. इतिहास आम्ही वाचला तो एवढ्याचसाठी की, कागदावर सही करण्यापूर्वी त्यात काय पाहावे हे आम्हांस व आमच्या माणसांस कळावे. आजचा विषयही सहीचाच आहे. ऑनलाइन बाजारात विकावयाच्या मालाचे वर्णन हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतले जाते. ही गोष्ट दोनतीन वर्षांची आहे, तिला कसला आला इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु या गोष्टीचे मूळ आम्हांस आमच्याच जिल्ह्यात, दीडशे वर्षांमागे सापडले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे.

नागापूर–बोल्हेगाव भागात एक महिला बचत गट आहे. त्यातील बहुतेकींच्या घरची माणसे वसाहतीत कंत्राटी कामावर आहेत. काम असले तर चूल, नसले तर उसनवारी. या बायका गोधड्या शिवतात. आठवडेबाजारात गोधडीला भाव येत नाही म्हणून ऑनलाइन विका, असे आम्हीच त्यांना सुचविले. आमच्या पुतण्याने फोनवर एक फोटो काढला, ‘गोधडी, रंगीत, डबल’ एवढे तीन शब्द लिहिले आणि बाजारपेठेने दिलेले बटन दाबले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चांगले दीडशे शब्दांचे इंग्रजी वर्णन उमटले. आम्ही थक्क झालो. गटातील एका ताईंनी विचारले, “दादा, काय लिवलंय त्यात?” आम्ही म्हणालो, “चांगलं लिहिलंय, ताई. करा मान्य.” त्यांनी अंगठ्याने ‘मान्य’ दाबले.

पंधरवड्यात सात गोधड्या परत आल्या. वर्णनात ‘हातशिलाई’ लिहिले होते, ‘शुद्ध सुती’ लिहिले होते, ‘नैसर्गिक रंग’ही लिहिले होते. गोधड्या शिवल्या होत्या शिलाई मशीनवर, आणि वरचे कापड होते सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे. गटाने यातले काहीही लपविले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. जाण्यायेण्याचा खर्च गटाच्या खात्यातून कापला गेला. ज्या रात्री आम्ही तो हिशेब पाहिला, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. “चांगलं लिहिलंय, करा मान्य” हे वाक्य आम्ही पूर्वी कोठेतरी वाचले आहे, असे सारखे वाटत राहिले. पहाटे आठवले. ते १८७५ सालचे होते.

त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लोण लवकरच आमच्या नगर जिल्ह्यात आले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि खुद्द नगर तालुक्यातील गावे उठली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यांचा एक विशेष सरकारी चौकशीतही नमूद झाला. शेतकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगास कोणी हात लावला नाही. कागद जाळले की जमाव पांगे.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला व कर्ज सढळ हाताने मिळाले. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास फेरपाहणीत सारा वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. कायदा केला होता कुणब्याच्या सोयीसाठी. परंतु सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. लिहिणारा सावकाराचा माणूस. भाषा कचेरीची. कुणब्यास वाचता येत नसे, तो विचारी, “काय लिहिलंय?” उत्तर मिळे, “ठरल्याप्रमाणेच आहे, कर निशाणी.” आणि तो नांगराची निशाणी करी. बाई असली तर बांगडीची. पुढे कोर्टात लेखणी कोणाची होती हे कोणी विचारीत नसे. खाली नांगर आहे ना? मग आत लिहिलेले सारे नांगरवाल्याचे!

मित्रहो, पुतण्याच्या फोनवर त्या ताईंनी जो अंगठा टेकवला ती बांगडीची निशाणी होती, आणि “कर निशाणी” म्हणणारे आम्ही होतो.

दंग्यांनंतर सरकारला जाग आली व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. त्याचे गुण पुष्कळ गायिले गेले आणि दोषही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची पळवाट काढली, तेव्हा कायद्याने कर्ज संपले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या कायद्यात तीन गोष्टी होत्या, त्या आजही कामाच्या आहेत. पहिली, शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकाने लिहावा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. म्हणजे लेखणी धनकोच्या एकट्याच्या हातात राहू नये. दुसरी, न्यायाधीशाने नुसती निशाणी पाहून न थांबता व्यवहार मुळापासून तपासावा. तिसरी, दिल्याघेतल्याची पावती व हिशेब मागण्याचा शेतकऱ्यास हक्क असावा. निशाणी आहे एवढ्याने संमती होत नाही, ही मोठी गोष्ट आमच्या जिल्ह्यातील जळक्या कागदांनी सरकारला शिकविली.

आता रोख्यावरून मालाकडे येऊ. कारण मालावरचे अक्षर हाही एक प्रकारचा रोखाच आहे. पूर्वी नगर, भिंगार, संगमनेर येथे हातमागावर लुगडी विणली जात. गिऱ्हाईक बाजारात येई, पदर चिमटीत धरी, सूत चोळून पाही. वर्णनाची गरज नव्हती, बोटे होती. पुढे माल दुरून येऊ लागला. विलायती गिरण्या कापडास चिनी मातीची खळ भरून वजन वाढवीत. पहिल्या धुण्यातच कापडाचे जाळे होई. ठाणावर देवादिकांच्या चित्रांची रंगीत लेबले असत, आणि आत किती वार कापड आहे ते मोजल्यावाचून कळण्याची सोय नसे. १८८७ साली विलायतेत मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, व त्याच धर्तीवर १८८९ साली हिंदुस्थानात. इकडे तयार होणाऱ्या कापडाच्या ठाणावर लांबीचे वार ठळक आकड्यांत छापणे त्या कायद्याने बंधनकारक झाले.

नंतर १९३० चा माल विक्री कायदा आला. वर्णनावरून माल विकला तर माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, अशी अट त्याच्या १५ व्या कलमात आहे. नमुना दाखविला असला तरी वर्णनातून सुटका नाही. १९३७ मध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, त्यातून ॲगमार्कची खूण आली. गिऱ्हाईक जसजसे मालापासून दूर गेले, तसतसे बोटांचे काम अक्षरांवर आले, आणि त्या अक्षरांना धनी कोण, हे कायदा विचारू लागला.

आज गिऱ्हाईक बंगळुरात आणि गोधडी नागापुरात. मध्ये आहे ते फक्त चित्र आणि वर्णन. हे वर्णन लिहिणारे यंत्र काय करते? त्याने जगातील अफाट मजकूर पचविलेला असतो, आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्ये जुळविते. गोधडी या शब्दाशेजारी त्याला ‘हातशिलाई’ वारंवार दिसली असेल, म्हणून त्याने ती लिहिली. त्याने खोटे सांगितले असेही म्हणता येत नाही. खोटे बोलण्यासाठी खरे ठाऊक असावे लागते. त्याने आमची गोधडी पाहिलीच नव्हती, एक फोटो पाहिला होता. अशा लिखाणाचे हसे जगभर झाले आहे. ॲमेझॉनने २०२३ मध्ये विक्रेत्यांना वर्णन लिहून देणारे असे साधन जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच बाजारपेठेवर काही वस्तूंच्या नावाच्या जागी ‘क्षमस्व, ही विनंती पूर्ण करता येत नाही’ अशा अर्थाचा यंत्राचा नकारच छापलेला लोकांनी पाहिला. ते नाव कोणत्या साधनातून आले हा प्रश्न वेगळा. एवढे मात्र उघड झाले की, विकणाऱ्याने आपल्याच मालाचे नाव एकदाही वाचले नव्हते.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. वर्णन व चित्रे मालाशी जुळतील अशी हमी बाजारपेठेने विक्रेत्याकडून घ्यावयाची. माल वर्णनाप्रमाणे नसला तर विक्रेत्याने परत घेण्यास नकार द्यावयाचा नाही. नियम चांगला आहे, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. गिऱ्हाईक हाही कोठेतरी कामगारच असतो, त्याची फसवणूक आम्हांस नको. परंतु हा नियम झाला तेव्हा वर्णन विक्रेता लिहितो, हे गृहीत होते. आता लेखणी बाजारपेठेने दिली, शाई तिची, भाषा तिची; आणि हमीपत्राखाली निशाणी मात्र गोधडीवालीची. १८७५ च्या रोख्याची घडण याहून निराळी ती काय?

कोणी म्हणेल, मग यंत्रच नको. आमचे तसे म्हणणे नाही. युनियनच्या माणसाला यंत्र फोडणारा समजण्याची जुनी खोड आहे. आम्ही यंत्रावरच आयुष्य काढले. ज्या बाईस इंग्रजीचे अक्षर येत नाही, तिचा माल या यंत्रामुळे परप्रांतीच्या घरात जातो, हे थोडे नव्हे. कुणब्यालाही लेखकूची गरज होतीच. त्याचे भांडण त्याला न वाचून दाखविलेल्या ओळींशी होते. शिवाय १८७५ साली रोखा सावकाराच्या पेटीत तरी होता. आमच्या बायकांनी काय जाळायचे?

या प्रकरणात नुकसान केवळ सात गोधड्यांचे झाले नाही. गटातील एक वयस्क मावशी खरोखरीच हाताने शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोरा, एका गोधडीस महिना लागतो. वर्णनाची भानगड त्यांना समजावून सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “समद्याच हातानं शिवल्या म्हनल्यावर माझ्या हाताला कोन इचारतंय, दादा?” आमच्या तीस वर्षांच्या चळवळीत मजुरीचा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत कोणी मांडला नव्हता. ‘हातशिलाई’ हा शब्द म्हणजे त्या मावशींची मजुरी. तो शब्द यंत्राने सर्वांना फुकट वाटला, की त्यांची मजुरी बुडाली. शब्द गाळला तरीही तेच. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरवल्या आणि त्यांना नुसते चामडी सँडल म्हटले. २०१९ पासून महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या नावे नोंदलेले ‘कोल्हापुरी’ हे नाव तेथे नव्हते. आपल्याकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. एकीकडे खरे नाव गाळले गेले, दुसरीकडे खोटे विशेषण जोडले गेले. दोन्हीकडे झळ लागली ती हाताने काम करणाऱ्यास.

तेव्हा आमचे मागणे तीन कलमांचे आहे, आणि तिन्ही जुनीच आहेत. यंत्राने लिहिण्यापूर्वी विचारावे: हाताचे की मशीनचे, कापड कोणते, रंग कोणता, उत्तर नसेल तेथे जागा कोरी सोडावी. लिहिलेले विक्रेत्यास त्याच्या भाषेत दाखविल्यावाचून ‘मान्य’ घेऊ नये. कारखान्यातील स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांस समजेल त्या भाषेतही फलकावर लावण्याचे बंधन १९४६ च्या कायद्याने घातले होते. गोधडीवालीने त्याहून कमी का घ्यावे? आणि कोणते शब्द यंत्राचे व कोणते विक्रेत्याचे, याची नोंद विक्रेत्याजवळ राहावी, म्हणजे वाद झाल्यास निशाणीच्या मागे जाऊन पाहता येईल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गटाने आपला नियम केला आहे. वर्णन आधी मराठीत करून घ्यावयाचे, बारावी झालेल्या एका मुलीने ते सर्वांपुढे मोठ्याने वाचावयाचे, ज्या ओळीवर एकीनेही ‘हे आपलं न्हाई’ म्हटले ती खोडावयाची, आणि मगच अंगठा. परवाच्या वाचनास आम्ही हजर होतो. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा राजेशाही वारसा’ या ओळीवर बायका पोट धरधरून हसल्या, आणि ती ओळ गेली. मशीनच्या गोधडीवर आता ‘मशीन शिलाई, सुती-पॉलिस्टर कापड’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. तिचा भाव थोडा उतरवावा लागला, पण माल परत येण्याचे थांबले. मावशींची गोधडी निराळी नोंदविली आहे, दुपटीहून अधिक किमतीला, आणि वर्णनात एक महिना लागतो हेही लिहिले आहे. आजपर्यंत तिच्या दोनच विकल्या गेल्या. तिसरी शिवायला घेतली आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ सालीच. ज्या वर्षी आमच्या गावोगाव न वाचलेले कागद जळत होते, त्याच वर्षी तिकडे लोकांना चार गोष्टी वाचून दाखविण्याची ही प्रथा पडली. या व्यासपीठावरून आम्ही दुसरे काय सांगणार? निशाणी करण्यापूर्वी वाचून घ्या. येत नसेल तर वाचून मागा. आणि कोणी विचारले, “दादा, काय लिहिलंय त्यात?” तर आम्ही दिले ते उत्तर देऊ नका.