सात बोंबलांचा निवाडा

मे महिना सरत आला की आजी आगोटीच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या, खरेदीला मला वसईगावात होळीवरच्या बाजारात न्यायची. सुके बोंबील घेताना तिची एक रीत होती. पसंतीचा एक बोंबील डाव्या हातात धरायचा आणि नव्या टोपलीतला एकेक त्याच्याशी ताडून बघायचा: याहून कडक की वातड? किती कडक, हे मोजायचं कारणच नव्हतं. चार वातड निघाले की टोपली सोडायची. कडक निघत गेले, तर मात्र आणखी काही बघूनच कोळणीशी भाव.

पुढे संख्याशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा आजीची ही रीत पुस्तकात भेटली. १९४३ साली अमेरिकी आरमारातल्या एका कॅप्टनचं म्हणणं होतं, की दारूगोळा तपासताना जाणत्याला थोड्या फैरींतच निकाल दिसतो, तरी ठरलेल्या सगळ्या झाडाव्या लागतात. मिल्टन फ्रीडमन आणि ॲलन वॉलिस यांनी हा प्रश्न कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डपुढे ठेवला. त्याने थांबण्याच्या दोन हद्दी आधीच आखून दिल्या. युद्धामुळे काम गुप्त राहिलं, छापलं गेलं १९४५ साली.

मी आजीचे बोंबील त्या हद्दींत बसवून पाहिले. सुमार टोपलीत निम्मे कडक, चांगलीत दहांत आठ, आणि चुकीची मुभा दोन्हीकडे पाच टक्के. मग एकापासून सुरुवात करून प्रत्येक कडकाला १.६ ने गुणायचं, वातडाला ०.४ ने. गुणाकार १९ च्या वर गेला तर घ्यायचं, एकोणिसाव्या भागाखाली गेला तर सोडायचं. सलग चार वातड, सोड. सलग सात कडक, घे. मिसळ निघाली तर पुढचा काढ. मामा मात्र मनासारखं दिसेपर्यंत चाळायचा. तसं चाळलं तर सुमार टोपलीही कधी ना कधी चांगली वाटू शकते.

मोजमाप न करता, नुसत्या तुलनेवर निवाडा करण्याची वाट आपल्याकडेही रुळली. पुणे विद्यापीठात शिकवलेल्या वसंत भापकरांची १९६१ ची चाचणी तर थेट बाजारातली वाटते: प्रत्येक गटातून एकेक काढायचा आणि सगळ्यांत लहान कुठल्या गटातला, तेवढंच मोजायचं.

वाल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आला होता. १३ डिसेंबरला निलगिरीत विमान कोसळून तो आणि त्याची बायको गेले.

त्याचं गणित चालायला बोंबील टोपलीत नीट मिसळलेले हवेत. होळीवरची कोळीण मात्र चांगले वर रचायची. आजी काही बोलायची नाही, हात थेट तळाशी घालायची.