तहसिलीतला पाऊस, वावरातला पाऊस

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती एकदा भिजली की तिच्यावर ना पाय ठरतो ना चाक. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला डांबरी रस्ता फार उशिरा आला. माझ्या लहानपणी मिरगाच्या आधी मीठ, गूळ, रॉकेल, काडेपेटी असं सगळं घरात भरून ठेवायचे. मग एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला चंद्रभागा आणि मधे गुडघाभर चिखल. चार महिने आमचं गाव म्हणजे बेटच असायचं. त्या दिवसांत गावाला एकच गोष्ट हवी असायची, पाऊस नेमका किती झाला ते. आणि तेवढी एकच गोष्ट गावात नव्हती. ती तहसिलीच्या रजिस्टरात होती.

आम्हाला ती का हवी असायची, हे खारपाणपट्ट्याबाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं या पट्ट्यात येतात. इथे जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणून पऱ्हाटी जगवता येत नाही. वरून जेवढं पडेल आणि मातीत जेवढं मुरेल, तेवढ्यावरच साल काढायचं. कन्हान-वर्धेच्या काठचा शेतकरी पाऊस चुकला तर इंजिन सुरू करतो. आमच्याकडे तूर, मूग, ज्वारी, कपाशी सगळं आभाळाकडे पाहून असतं.

माझे आजोबा तहसिलीत कारकून होते. पावसाळ्यात त्यांच्याकडे एक जादा काम असायचं. सकाळी आठच्या सुमारास कचेरीच्या आवारातल्या कुंपणात जाऊन पर्जन्यमापक उघडायचा. सायमन्सचा मापक म्हणतात तो हाच. वर पाच इंच व्यासाचं नरसाळं, त्याची पितळी कड सुरीसारखी धारदार, म्हणजे कडेवर पडलेला थेंब अर्धा आत, अर्धा बाहेर असा चिरला जावा. नरसाळ्याखाली काचेची बाटली आणि बाटलीभोवती जस्ताचं भांडं. बाटली भरून वाहिली तरी पाणी त्या भांड्यात राहतं, वाया जात नाही. आजोबा बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतत, पात्र डोळ्यांच्या उंचीवर धरत आणि पाण्याची खालची वक्र रेषा पाहून आकडा बोलत. तेव्हा मिलिमीटर नव्हते. इंच आणि सेंट होते. शंभर सेंटांचा एक इंच. "रात्री पंच्याहत्तर सेंट" असं आजोबा म्हणाले की आजीला कळायचं की आता आठ दिवस वावरात जाता येणार नाही.

हा मापक इथे आला कुठून, याचा शोध मी निवृत्तीनंतर घेतला. शाळेत भूगोल शिकवताना तो वेळ कधी मिळाला नव्हता.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात एक अरत्नी, म्हणजे हातभर, तोंडाचं कुंड पर्जन्यमापक म्हणून ठेवायला सांगितलं आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याचे आकडेही दिले आहेत. अश्मकाला, म्हणजे गोदावरीच्या अंगाला असलेल्या आपल्या शेजारच्या मुलखाला, साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कुंड ठेवायचं ते कोठारात. शेतकऱ्याच्या अंगणात नाही. पाऊस मोजायचा तो पिकाचा अंदाज बांधायला, आणि पिकाचा अंदाज बांधायचा तो राजाचा वाटा ठरवायला. दोन हजार वर्षांनंतर वऱ्हाडात जे घडलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि साऱ्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. जमिनीची मोजणी सुरू झाली, सारा ठरू लागला. १८६७ साली आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापूस किती येणार, सारा किती वसूल होणार, हे आधी कळायचं तर पाऊस किती झाला हे कळायला हवं होतं. त्यामुळे पर्जन्यमापकाची जागा ठरली ती महसुलाच्या कचेरीत. तालुक्याला एक मापक, तोही जिथे खजिना तिथे.

आणि गंमत नव्हे, खरोखर वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की ज्याच्या नावाने हा मापक ओळखला जातो तो जॉर्ज जेम्स सायमन्स सगळा पाऊस मोजत होता तो सामान्य माणसांच्या हातून. १८६० साली त्याने इंग्लंडमध्ये पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची संघटना उभी केली. कुणी पाद्री, कुणी डॉक्टर, कुणी माळी. १९०० साली तो वारला तेव्हा तीन हजारांवर माणसं आपापल्या अंगणात रोज सकाळी पाऊस मोजून त्याला कळवत होती. तेच पाच इंचांचं नरसाळं आमच्याकडे आलं आणि तारेच्या कुंपणात गेलं. मापक आला, पण त्यामागची माणसं आली नाहीत.

गावाकडे मात्र स्वतःची मापं होती आणि ती मी कमी लेखणार नाही. आमचा शेतकरी पाऊस नक्षत्रांवर मोजतो. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. सात-सात दिवस सूर्य न दाखवणारी ती झड. पेरणीआधी विळ्याने माती उकरून ओल किती खोल गेली ते बोटांनी पाहतात. वीतभर गेली तर तिफन काढायची. पेरणीसाठी हे माप मिलिमीटरपेक्षाही खरं आहे, कारण बियाण्याला ओल लागते, आकडा लागत नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. चंद्रभान महाराजांनी तीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं सांगतात. वावरात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, मधे चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यांवर घागर. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं ते पाहून भाकीत सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकायला जातात. माझे वडीलही जायचे. पुढे काय होणार हे ऐकण्याची ती तहान मला समजते. पण भेंडवळचं भाकीत पुढच्या पावसाचं असतं. काल किती पडला ते लिहून ठेवण्याची रीत आमच्या गावांत कधी रुजली नाही, आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

सगळ्यांत मोठी किंमत १८९९ ला. वऱ्हाडात दुष्काळ पडतच नाही, अशी सरकारची आणि लोकांचीही समजूत होती. १८९६-९७ ने तिला पहिला तडा गेला. १८९९ साली पाऊस असा फिरला की खरीप जवळजवळ पूर्ण बुडाला. म्हातारी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण विक्रम संवत १९५६ होतं. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ ला ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. उपासमार होतीच, पाठोपाठ पटकी आली.

त्या वर्षी हवामान खातं अस्तित्वात होतं. १८६४ चं कलकत्त्याचं वादळ आणि १८६६ व १८७१ चे चुकलेले मोसमी पाऊस यांच्यानंतर १८७५ साली ते स्थापन झालं होतं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला त्यांनीच सुरुवात केली. त्यांच्या जागी आलेले जॉन एलियट यांनी १८९९ ला चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि तो सपशेल चुकला. १९०४ साली त्या जागेवर गिल्बर्ट वॉकर आले. ते केंब्रिजचे गणिती होते, हवामानाचे नव्हते. त्यांनी जगभरच्या वायुदाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी पडताळून पाहिले आणि प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यातला दाबाचा तो झोका शोधून काढला. आज एल निनोची बातमी आली की अकोल्याच्या बाजारात कापसाचं बोलणं सुरू होतं. त्या ज्ञानाचा पाया तिथे आहे.

वॉकरांना लागलेले इथल्या पावसाचे आकडे आले कुठून? तारेच्या कुंपणांतूनच. देशभरच्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, पाटबंधाऱ्यांच्या चौक्यांवर माझ्या आजोबांसारखी माणसं रोज सकाळी बाटली ओतत होती म्हणून. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत देशभरच्या ३०६ केंद्रांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची पावसाची मालिका तयार झाली. त्यात विदर्भाचा स्वतंत्र रकाना आहे. दीडशे वर्षांचे कोरडे-ओले पावसाळे तिथे एकाखाली एक लिहिलेले आहेत. कारकुनाच्या त्या सकाळच्या कामाला एवढा मोठा अर्थ होता, हे आजोबांना कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

दशमान पद्धत आली, सेंट गेले. १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं आणि शेतकऱ्यासाठी हवामानाचा सल्ला निघू लागला. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं बसली. दर दहा मिनिटांनी ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा कळवतात. हे मोठं काम झालं, यात शंका नाही. तालुक्याचा मापक मंडळापर्यंत आला.

पण एका मंडळात अनेक गावं असतात, आणि आमचा पाऊस वावराच्या धुऱ्यावर थांबतो. एकाच अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आणि चिखलदरा सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहेत. चिखलदऱ्याचा पाऊस दर्यापूरच्या जवळजवळ दुप्पट. तो डोंगराचा फरक झाला. ढगफुटीसारख्या पावसाला डोंगरही लागत नाही. नियम असा की मंडळाच्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर ती अतिवृष्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटरच्या वर पाणी. ६५ म्हणजे दोन लाख साठ हजार लिटरच्या पुढे. मीही घरी एक मापक ठेवून पाऊस वहीत लिहितो. एका जुलैत माझ्या मापकात आकडा नव्वदीच्या पुढे गेला होता, आमची तूर तीन दिवस पाण्यात उभी होती, आणि मंडळाच्या केंद्रावर साठीच्या आत नोंद होती. गावातली माणसं माझ्याकडे आली, "गुरुजी, तुमच्या वहीत तं लिहेल हाय ना?" लिहिलेलं होतं. वही कुणी पाहायला तयार नव्हतं.

त्यात केंद्रावरच्या माणसांचा दोष नाही. स्वयंचलित मापकात दोन इवल्या वाट्या असतात. एक भरली की उलटते, दुसरी वर येते, आणि किती वेळा उलटल्या यावरून पाऊस मोजला जातो. नरसाळ्यात पान अडकलं, कोळ्याने जाळं विणलं, किंवा पाऊस वाटीच्या वेगापेक्षा जोरात आला की आकडा कमी निघतो. शेजारी साधा मापक आणि तो पाहणारं माणूस असलं तर ही चूक त्याच दिवशी उघडी पडते.

हे इतरांनी करून दाखवलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९७ साली फोर्ट कॉलिन्सला पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस, दुसऱ्या भागात थोडा, आणि सरकारी मापकांना त्याचा पत्ता नाही. पुढच्याच वर्षी तिथे घरोघरच्या मापकांचं जाळं सुरू झालं. आपल्याकडे केरळच्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकऱ्यांच्या अंगणांत दोनशेवर मापक ठेवले आहेत. जुलै २०२४ च्या दरडीआधी त्या मापकांच्या आकड्यांवरून संस्थेने प्रशासनाला इशारा दिला होता. मेळघाटातल्या कोरकू गावांना, पूर्णाकाठच्या आमच्या गावांना हे जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. त्यासाठी मोबाईलची रेंजही लागत नाही.

म्हणून वाचकांना, त्यातही गावच्या मास्तरांना आणि ग्रामसेवकांना, माझी विनंती आहे. गावाला एक साधा पर्जन्यमापक घ्या. भिंत किंवा झाड जेवढं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर तो ठेवा. कड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर आणि सपाट. सकाळी साडेआठला मोजा आणि त्याच दिवसाच्या तारखेसमोर लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळ्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की कुणी मोजलाच नाही, हे पुढे कुणालाच कळत नाही. आणि कुणाच्या घरी, शाळेत, जिनिंग फॅक्टरीत, डाकबंगल्यात पावसाची जुनी रजिस्टरं असतील, तर ती रद्दीत घालू नका. इंच आणि सेंटांतली असली तरी चालतील. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात हवामानाचा विभाग आहे, तिथे दाखवा.