दोन-तीन थाऊंचा इतिहास

वर्गात मी इतिहास शिकवितो. पण त्यातील एक धडा मला शिकावयास मिळाला तो इस्लामपूरच्या एका गॅरेजात. वडिलांच्या मागे राहिलेली अँबॅसडर मी अन्य ठिकाणी इंजिन बांधून आणविली होती. तरीही क्लच दाबला की आतून घरघर उठे. घरचे म्हणत, भंगारात द्या. आई मात्र काही बोलत नव्हती.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी पोराला क्लच दाबावयास सांगितले आणि मला म्हणाले, "मास्तर, पुली बघा." पुली पुढे सरकत होती!

क्रँकने फिरावे, पण मागेपुढे फार सरकू नये. अगदीच जखडूनही राहू नये, कारण तेलाला आणि तापून वाढणाऱ्या लोखंडाला जागा हवी. १४८९ सी.सी.च्या या इंजिनात ही मोकळीक २ ते ३ थाऊ, म्हणजे इंचाचे २-३ हजारावे भाग, एका केसाएवढी. ती राखतात मधल्या बेअरिंगच्या दोन्ही अंगांचे थ्रस्ट वॉशर. चेंबर उतरविल्यावर उलगडा झाला: वॉशर उलटे बसविलेले. तेलाच्या खाचा क्रँककडे हव्यात, त्या पाठीमागे गेलेल्या.

हे ज्ञान गावोगाव पोचले कसे? १९४२ साली ओखा बंदरात निघालेला हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना १९४८ मध्ये बंगालात उत्तरपाड्यास गेला. १९५३ च्या सरकारी धोरणानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर १९५७ साली आली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग जुने इंजिन पुन्हा पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर काय? त्या टंचाईनेच शाळेचे तोंड न पाहिलेल्या हातांना हजाराव्या भागाचे गणित शिकविले. २०१४ साली उत्पादन थांबले. हात मात्र राहिले.

मिस्त्रींनी क्रँकचा खरवडलेला खांदा घासून साफ केला, थोडे जाड वॉशर सुलटे बसविले, डायल गेज लावले. पहारीने क्रँक मागे रेटला, काटा शून्यावर आणला, पुढे रेटला. काटा तीनवर थांबला.

संध्याकाळी आई पुढच्या सीटवर बसली. मी क्लच दाबला. घरघर नव्हती. ती एवढेच म्हणाली, "आता त्यांच्यासारखी चालतीय."