तेलसाठ्याचे अवस्था समीकरण

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाखालील चुनखडकात ‘मुंबई हाय’चा तेलसाठा आहे. १९७४ साली तेथे तेल सापडले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले.

खडकातील तेल हा एकच पदार्थ नसतो. मिथेनसारख्या हलक्या वायूपासून मेणासारख्या जड घटकांपर्यंत अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. खोलवरच्या प्रचंड दाबामुळे वायू तेलात विरघळून राहतात. तेलाचा उपसा सुरू झाला की दाब उतरू लागतो आणि एका ठरावीक दाबाखाली, सोडावॉटरची बाटली उघडल्यावर व्हावे तसे, वायूचे बुडबुडे सुटू लागतात. वायू निघून गेलेले तेल घट्ट होते व खडकाच्या छिद्रांतून सहज वाहत नाही. वायू मात्र विहिरीकडे धावतो आणि बरेचसे तेल खडकातच अडकून पडते. हे टाळण्यासाठी साठ्यात पाणी सोडून दाब टिकवतात; मुंबई हायमध्येही समुद्राचे पाणी प्रक्रिया करून याच कामी वापरले जाते.

हा दाब कोणता, हे अवस्था समीकरणावरून काढतात. दाब, आकारमान आणि तापमान यांचा संबंध सांगणारे सूत्र म्हणजे अवस्था समीकरण. आदर्श वायूच्या नियमात रेणूंचे आकारमान व त्यांच्यातील आकर्षण यांना स्थान नव्हते. डच शास्त्रज्ञ व्हान डेर व्हाल्स यांनी १८७३ साली या दोन्हींचा समावेश केला. त्यांच्या कार्याला १९१० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच धर्तीवर रेडलिख व क्वाँग (१९४९), सोआवे (१९७२) आणि पेंग व रॉबिन्सन (१९७६) यांनी सुधारित समीकरणे मांडली. ही समीकरणे आकारमानाच्या दृष्टीने त्रिघाती असतात. द्रव व वायू एकत्र नांदतात तेव्हा त्यांची तीन उत्तरे मिळतात : सर्वांत लहान उत्तर द्रवाचे, सर्वांत मोठे वायूचे, मधल्याला भौतिक अर्थ नसतो.

मात्र जड घटकांचे गुणधर्म नेमके ठाऊक नसतात. त्यामुळे विहिरीतील नमुना प्रयोगशाळेत साठ्याच्याच तापमानाला तपासून समीकरणातील स्थिरांक जुळवून घ्यावे लागतात. नमुनाच सदोष असेल, तर अचूक गणितही चुकीचे उत्तर देते आणि त्याची किंमत खडकात राहिलेल्या तेलाच्या रूपाने मोजावी लागते.