तेराव्या मजल्यावरचा जनरेटर

रुग्णालयात वीज गेली आणि पाठोपाठ जनरेटरची घरघर ऐकू आली, की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. माझी नोकरीची बरीच वर्षे एका रुग्णालयाच्या विद्युत विभागात गेली. त्यामुळे ती घरघर ऐकली की माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. हे इंजिन आणखी किती वेळ चालेल, आणि कोणाच्या भरवशावर?

या प्रश्नाचा इतिहास पाहायचा, तर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाकडे जावे लागते. १७३६ साली स्थापन झालेले हे अमेरिकेतील अतिशय जुने सार्वजनिक रुग्णालय. मॅनहॅटनमध्ये ईस्ट रिव्हरच्या जवळ ते उभे आहे. नदीची ही जवळीक पुढे महागात पडली.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा काही भाग अंधारात बुडाला. सुमारे ३ कोटी लोकांची वीज गेली, काही ठिकाणी तर १३ तास. तेव्हा कित्येक रुग्णालयांकडे स्वतःचा जनरेटरच नव्हता. त्यानंतर मात्र जनरेटर ही चैन नसून गरज आहे, हे सर्वांना पटले. जीवरक्षक उपकरणांना १० सेकंदांच्या आत पर्यायी वीज मिळाली पाहिजे, असा अमेरिकेतला दंडक आहे.

पण यंत्र विकत घेणे निराळे आणि ते वेळेवर चालणे निराळे. १३ जुलै १९७७ च्या रात्री विजा पडून न्यूयॉर्क पुन्हा अंधारात गेले, तेव्हा बेलव्ह्यूमध्ये जनरेटर होता; तो चालला नाही. डॉक्टर आणि परिचारिका हाताने रबरी फुगे दाबून रुग्णांना श्वास देत राहिले.

असे का होते, हे मला विचारा! आमच्याकडे दर आठवड्याला जनरेटर सुरू करून बघत असू. इंजिन फिरले, की वहीत ‘ठीक’ असा शेरा. एका रविवारी खरोखरच वीज गेली. इंजिन झोकात सुरू झाले, पण वॉर्डात अंधारच. मुख्य लाइन सोडून जनरेटरवर जाणारा चेंजओव्हर स्विच जागचा हललाच नव्हता. हलणार कसा? चाचणीसाठी चालू वॉर्डाची वीज घालवायला डॉक्टर परवानगी देत नसत, आणि आम्हीही फार आग्रह धरत नव्हतो. त्यामुळे वर्षानुवर्षे परीक्षा झाली ती फक्त इंजिनाची. त्या दिवशी एका कर्मचाऱ्याने स्विच हाताने ओढून टाकला आणि निभावले. वहीतले ते सगळे ‘ठीक’ मला आजही टोचतात.

आता २०१२ सालाकडे येतो. २९ ऑक्टोबरच्या रात्री सँडी हे वादळ न्यूयॉर्कवर आले आणि समुद्राचे पाणी शहरात घुसले. बेलव्ह्यूचे जनरेटर होते १३व्या मजल्यावर. पुराचे पाणी तिथवर जाणे अशक्यच. योजना करणाऱ्यांनी विचार केला नव्हता असे कोण म्हणेल? पण जनरेटरला डिझेल पोचवणारे पंप होते तळघरात. तळघर भरले, पंप बुडाले, लिफ्टही बंद पडल्या. टाकीत डिझेल होते आणि वर इंजिन धडधाकट होते. मधला दुवा तेवढा पाण्याखाली गेला.

वर अतिदक्षता विभागात सुमारे ५० रुग्ण होते. तिथल्या डॉक्टरांना सांगण्यात आले, की वीज राहील अशी खात्री फक्त ६ प्लगांची देता येईल. ते ६ कोणाला द्यायचे, याची यादी डॉक्टरांना करावी लागली. अशी यादी करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

ती यादी अमलात आणावी लागली नाही, याचे श्रेय जिन्याला आणि माणसांच्या खांद्यांना. कर्मचारी आणि नॅशनल गार्डचे जवान यांनी अंधाऱ्या जिन्यावर साखळी केली आणि डिझेलचे डबे हातोहात १३ मजले वर चढवले. पाच गॅलनचा एक डबा म्हणजे साधारण १९ लिटर. असे डबे तासन् तास वर जात होते. इंजिन चालू राहिले, पण लिफ्टविना रुग्णालय किती दिवस चालवणार? पुढच्या काही दिवसांत शेकडो रुग्ण हलवावे लागले, कित्येकांना जिन्यावरून उचलून. जवळच्याच एनवाययू लँगोन रुग्णालयातून तर वादळाच्या रात्रीच ३०० हून अधिक रुग्ण खाली आणले गेले. त्यांत २० नवजात अर्भके होती. परिचारिका त्यांना छातीशी धरून, हाताने श्वास देत जिने उतरल्या.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा करोनाचे दिवस होते. रुग्णालयांसाठी किमान ८ तासांच्या डिझेलची तजवीज ठेवा, असे महापालिका आयुक्तांनी सांगितले. सूचना योग्यच होती. मला मात्र बेलव्ह्यू आठवले आणि वाटले, डिझेल किती आहे याबरोबर ते वर कसे चढते, हेही कोणीतरी विचारावे.

बेलव्ह्यू पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला फेब्रुवारी २०१३ उजाडला. २०१४ साली बेलव्ह्यूसह न्यूयॉर्कच्या ४ सार्वजनिक रुग्णालयांच्या पूरसंरक्षणासाठी आणि दुरुस्तीसाठी १६० कोटी डॉलरची केंद्रीय मदत जाहीर झाली.