गोठलेली पेन्शन

पेन्शनर म्हटलं की आपल्याला नोव्हेंबर आठवतो. हयातीचा दाखला! २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि बोटाच्या ठशावर काम भागू लागलं, ते एक बरं झालं. ब्रिटन सरकारही परदेशी राहणाऱ्या पेन्शनरांना असाच एक फॉर्म पाठवतं. साक्षीदाराची सही घेऊन वेळेत परत केला नाही तर पेन्शन थांबू शकते.

पण हा झाला दिसणारा कागद. न दिसणारा खर्च वेगळाच आहे. माझ्या ओळखीत ब्रिटनमध्ये नोकरी करून म्हातारपणी पुण्यात परतायचे बेत आखणारे बरेच जण आहेत. फ्लॅट, मेडिक्लेम, टॅक्स, सगळ्याचं एक्सेल तयार. पेन्शनच्या ओळीत मात्र दरवर्षी वाढ धरलेली. भारतात राहिलात तर ती वाढ मिळत नाही!

याचा इतिहास मजेशीर आहे (ज्याची पेन्शन आहे त्याला सोडून). १९०८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पेन्शन सुरू झाली: सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, तीही ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनाच. १९५५ पासून नॅशनल इन्शुरन्सची पेन्शन जगात कुठेही मिळू लागली, पण वाढीशिवाय. वाढ हवी तर त्या देशाशी तसा करार हवा. अमेरिकेशी आहे, फिलिपिन्सशी आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपल्याशी नाही. म्हणजे नायगारा धबधब्याच्या अमेरिकेच्या काठावर पेन्शन वाढते आणि समोरच्या काठावर गोठते. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. सरकार म्हणतं, फीचर आहे.

ॲनेट कार्सन या बाईंनी यावर कोर्टाची पायरी चढली. त्या १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेल्या, तिथूनही स्वतःहून वर्गणी भरत राहिल्या. २००० मध्ये त्यांची बेसिक पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर सुरू झाली आणि तिथेच थांबली. मुद्दा साधा होता: वर्गणी सारखीच भरली, मग पेन्शन कमी का? २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने चार विरुद्ध एक असा निकाल विरोधात दिला. मग स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय. तिथे २०१० मध्ये ११ विरुद्ध ६ ने हरल्या. कोर्टाचं म्हणणं असं की वर्गणी म्हणजे तुमच्या नावाची ठेव नव्हे. आजचे कामगार भरतात, आजचे म्हातारे घेतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची आणि बाहेर राहणाऱ्याची परिस्थिती सारखी नाही.

कायद्याने बरोबर असेल. मला तरी पटत नाही. पगारातून कापताना कुणी विचारत नाही की बाबा, म्हातारपणी कुठे राहणार?

ऑस्ट्रेलियाने तर वैतागून २००१ मध्ये ब्रिटनशी असलेला सोशल सिक्युरिटीचा करारच मोडला. गोठवणं काही थांबलं नाही.

आता आकडे. २०२५-२६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची तीच पूर्ण बेसिक पेन्शन १७६.४५ पौंड होती. २००० साली गोठलेल्याला अजून ६७.५० च. आपल्याकडे हा तोटा चटकन दिसत नाही, त्याचं कारण रुपया. २००० मध्ये पौंड सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभराच्या बराच वर. पासबुकात रक्कम वाढलेली दिसते आणि माणूस निवांत राहतो. दूध, औषधं, कामवाल्या मावशींचा पगार मात्र त्याहून जोरात पळतात. शिवाय पेन्शन घेताना साठी-पासष्टी उलटलेली असते. पहिल्या वर्षी फरक शून्य, विसाव्या वर्षी, म्हणजे गरज सर्वात जास्त असताना, सगळ्यात मोठा.

म्हणून एक्सेलमध्ये ती ओळ सपाट ठेवा.

एक गंमत राहिलीच. पेन्शनर ब्रिटनमध्ये लेकीकडे चार महिने राहायला गेला, तर रीतसर कळवून तेवढ्या दिवसांपुरती वाढीव पेन्शन मागता येते. मुंबईचं विमान पकडलं की पुन्हा जुना आकडा.